चंद्रप्पांचा सोमवार

नांदेड, १० जून २०२४

ती. सिद्धराममामांस,
सा. न.

परवा मी फोन मध्येच ठेवला, त्याचा राग आला असेल तर येऊ द्या. गेल्या महिन्यात मी तुम्हाला नुसतं म्हणाले की अंग जरा कणकण करतंय. तासाभरात निलंग्याहून आईचा रडत फोन आला, की तुला टायफॉइड झालाय म्हणे! तुम्ही बारदान्याच्या पोत्यांच्या थप्पीवर बसून स्पीकर लावता आणि लातूरची सगळी आडत गल्ली आपलं बोलणं ऐकते. म्हणून आता पत्र. पत्राला स्पीकर नसतो.

काय करून राहिलीस, असं तुम्ही विचारत होतात. आम्ही चौघं मिळून 'उकल' नावाचं एक साधन बनवतोय. कोड लिहिताना पोरं अडली की त्यांनी मराठीत विचारायचं, आणि 'उकल'नं त्यांना तयार कोडमधलं उदाहरण काढून दाखवायचं. हा तयार कोड म्हणजेच लायब्ररी. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला, कुणीही घेऊन वापरावा असा. अशा लायब्ऱ्या लाखोंनी आहेत आणि आमच्या मशीनला पन्नासच पेलतात. कोणत्या पन्नास घ्यायच्या, हे ठरवायचं काम माझ्यावर आलंय.

तीस जुलैला पुण्याच्या ऑफिसातून मॅडम येणार आहेत. त्यांना यादी पटली तर 'उकल' नांदेडला राहील. नाही पटली तर सगळं पुण्याला जाईल आणि आमची टीम मोडेल. मामा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी एकेका चुकीपाशी आठवडा आठवडा बसून रडले आहे, कारण विचारायचं कसं तेच इंग्रजीत जमत नव्हतं. हे साधन माझ्या हातून जाऊ नये असं फार वाटतं.

हे पत्र दुकानात वाचू नका.

तुमची,
अंबिका


लातूर, १६ जून

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. अंबिकेस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सगळ्यांना आवडलं.

रागावू नकोस. चष्मा दुरुस्तीला टाकला होता, म्हणून शेजारच्या चंद्रप्पाला वाचायला दिलं. त्याचा आवाज तुला माहीतच आहे, सौद्याच्या वेळी पार चौकापर्यंत जातो. त्यात माझा काय दोष?

पण बघ, देवाची करणी कशी असते. पत्र वाचता वाचता चंद्रप्पा थांबला आणि म्हणाला, "आरं सिद्धराम, आमच्या वीरेशनं बी एक लायब्ररी केलीय की!" नाव 'बाजारदिवस'. तारखा मोजते आणि बाजार कधी उघडा, कधी बंद, ते सांगते. गल्लीचं एकमत पडलं की पन्नासात ही पाहिजेच. मी म्हणालो, भाची माझी आहे, काम झालं समजा. शब्द दिला.

वीरेश लई गुणी पोरगा. एकुलता एक. उंची चांगली, तंबाखू नाही, आईला उलटून बोलत नाही. घराला नुकताच वरचा मजला चढवलाय, खोल्या हवेशीर आहेत. यादी करताना या गोष्टी ध्यानात असाव्यात म्हणून लिहिलं.

तुझा मामा
सिद्धराम


नांदेड, २१ जून

ती. मामांस, सा. न.

लायब्ररीला वरच्या मजल्याची गरज नसते.

'बाजारदिवस' पाहिली. ती कशी वापरायची हे सांगणारी एक ओळही सोबत नाही. आजवर दोनच माणसांनी ती डाउनलोड केलीय, आणि त्यातला एक स्वतः वीरेश असावा. आतला कोड वाचत बसायला मला वेळ नाही आणि गरजही नाही, कारण आमचा नियम साधा आहे. आपल्या भागातल्या कॉलेजांतून आणि कॉम्प्युटर क्लासमधून कोणती लायब्ररी किती वेळा डाउनलोड होते, तो आकडा आमच्याकडे येतो. प्रत्येक विषयात ज्यांचा आकडा मोठा, त्या आत. बाकीच्या बाहेर. इथे भाची, पुतणी, शेजारी असं काही चालत नाही. मी एकाला वशिल्यानं घेतलं तर पुण्याच्या मॅडमसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?

दिलेला शब्द परत घ्या. मला न विचारता दिलात, तर मला न विचारता परतही घेता येईल.

अंबिका


लातूर, २७ जून

चि. अंबिकेस आशीर्वाद.

तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. नियम म्हणजे नियम. वशिला वाईटच.

एक शंका. एकाच मशीनवरून एखादी लायब्ररी रोज डाउनलोड केली, तर रोजची मोजतात का एकदाच? सहज विचारतोय. म्हाताऱ्या माणसाला नवीन गोष्टी कळलेल्या बऱ्या.

सिद्धराम


नांदेड, २ जुलै

ती. मामांस, सा. न.

तुम्ही इतक्या समजुतीनं घेतलंत, माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मागच्या पत्रात जरा जास्तच तोडून बोलले होते.

हो, रोजची मोजतात. जास्त वापर म्हणजे जास्त उपयोगी, असा आमचा हिशेब.

तुम्हाला या वयात असले प्रश्न पडतात याचं उमाशंकर सरांना, म्हणजे आमच्या साहेबांना, फार कौतुक वाटलं.

अंबिका


लातूर, १९ जुलै

चि. अंबिकेस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. कामानिमित्त चाकूर, निलंगा, जळकोट असा फिरतीवर होतो. निलंग्यात तुझ्या आईला भेटलो. मल्लम्माअक्का ठणठणीत आहे. तुझी जन्मवेळ तिला नेमकी आठवत नाही, दुपारची म्हणाली. तुला आठवत असेल तर कळव.

जळकोटला नागसेन सरांचा कॉम्प्युटर क्लास बघितला. लई शिस्तीचा माणूस. पोरं सकाळी आली की आधी एक ठरलेलं काम करतात, मग भजी खातात, मग अभ्यासाला बसतात. भज्यांची सोय कुणी केली ते विचारू नकोस. दान गुप्त असावं.

ऑगस्टात एखादा चांगला दिवस मोकळा ठेव. सोमवार नको.

सिद्धराम


नांदेड, २४ जुलै

ती. मामांस, सा. न.

तुमची माफी मागायला हे पत्र लिहितेय.

काल आकडे काढले. तारखांच्या विषयात आपल्या भागात पहिली कोण आली असेल? 'बाजारदिवस'! चाकूर, निलंगा, जळकोट, सगळीकडे पोरं ती रोज वापरतायत. जगभर गाजलेल्या लायब्ऱ्या तिच्या खाली राहिल्या. उमाशंकर सर तर हरखून गेले. म्हणाले, "लातूरच्या पोराची लायब्ररी पहिली! मॅडमना आधी हेच दाखवायचं."

मला स्वतःचीच लाज वाटली. नीट न बघता मी तिला हिणवलं. नियमानंच ती आत आलीय, म्हणून बिनघोर घेतली. वीरेशना माझ्याकडून अभिनंदन सांगा.

जन्मवेळ कशाला हवी होती?

अंबिका


लातूर, २९ जुलै

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. अंबिकेस अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. चंद्रप्पानं तर वाचता वाचता टोपी काढून मला मिठी मारली. "आपल्या हातानं पोरीनं घेतलं, आता आणखी काय पाहिजे?" म्हणाला. खरंच आहे. आमच्या वेळी पोरी मान खाली घालून होकार द्यायच्या, तू यादीत पहिल्या नंबरावर घालून दिलास. नव्या काळाची रीत नवी, पण मला समजली.

पेढे वाटले. पार चौकापर्यंत वाटले. मल्लम्माअक्काला कळवलंय. बैठक नागपंचमीनंतर धरावी असं चंद्रप्पाचं म्हणणं आहे.

पुण्याच्या मॅडमना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
सिद्धराममामा


नांदेड, २ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र आज मिळालं. त्यातल्या होकाराबद्दल शेवटी बोलते.

तीस तारखेला मॅडम आल्या. सरांनी मोठ्या हौसेनं सांगितलं की आमच्याकडे तारखांसाठी मराठवाड्याची स्वतःची लायब्ररी आहे. मॅडमनी 'उकल'ला विचारलं, "पुढच्या सोमवारची तारीख कशी काढायची?" 'उकल'नं 'बाजारदिवस'मधलं उदाहरण काढलं, चालवलं, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उत्तर आलं:

"सोमवारी मालकांचा उपवास असतो. मंगळवारी या."

मॅडमना वाटलं काहीतरी चुकलं असेल. त्यांनी चार ऑगस्ट ही तारीख घालून बघितली. उत्तर आलं: "अमावास्या. वजनकाटा बंद."

मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे मालक कोण?"

मला काय ठाऊक! रात्री कोड वाचायला बसले, जो मी जूनमध्येच वाचायला हवा होता. त्यात दुकान बंदचे दिवस मोजतच नाहीत: अमावास्या नाही, रविवार नाही, आणि एकही सोमवार नाही. जगात सोमवार हा वारच नाही, कारण लातूरचे चंद्रप्पा त्या दिवशी उपाशी असतात आणि गिऱ्हाइकांवर खेकसतात, म्हणून दुकान उघडत नाहीत.

मग आकडे तपासले. सगळे डाउनलोड सकाळी दहालाच, तीनच गावांतून. नागसेन सरांना फोन केला. ते अगदी भोळेपणानं म्हणाले, "मामांनी सांगितलंय की. डाउनलोड केल्याबिगर भजी न्हाई."

मॅडम जाताना म्हणाल्या की महिनाभरानं परत येईन, तोवर ही यादी कशावर उभी आहे ते मला पटवून द्या, नाहीतर 'उकल' पुण्याला नेते. मी 'बाजारदिवस' काढून टाकलीय. जिच्यासाठी मी दोन वर्षं राबले, ती गोष्ट तुमच्या भज्यांनी बुडत आलीय.

आणि आता होकार. मी एक लायब्ररी यादीत घेतली होती. नवरा घेतला नव्हता. ज्याला मी पाहिलं नाही, ज्यानं मला पाहिलं नाही, त्याचे पेढे तुम्ही चौकापर्यंत वाटलेत! आई दिवसातून चार वेळा फोन करून विचारतेय की साडी कोणत्या रंगाची घेऊ.

उत्तर पाठवू नका.

अंबिका


लातूर, ७ ऑगस्ट

अंबिका मॅडम,
स. न.

मी वीरेश चंद्रप्पा. 'बाजारदिवस' मी लिहिली आहे. पत्ता तुमच्या मामांकडून घेतला. विचारून घेतला, आणि त्यांनी या वेळी हळू आवाजात सांगितला.

लायब्ररी काढून टाकलीत ते बरोबर केलंत. ती मी फक्त आमच्या दुकानासाठी लिहिली होती. गावाकडून माल घेऊन निघालेल्या माणसाला लातूरला आल्यावर बाजार बंद दिसू नये, एवढाच हेतू होता. सोमवारची ओळ अप्पांनी शेजारी बसून लिहून घेतली. ती जगभर कुणालाही डाउनलोड करता येईल अशी ठेवली, ही माझी हौस. ती खरोखर कुणी डाउनलोड करील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आकडा वाढू लागला तेव्हा मला आनंदानं झोप येईना. तुमच्या मामांची भजी आहेत हे गल्लीत मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्टही तशीच. ती माझ्या कानावर आली तेव्हा पेढा माझ्या तोंडात होता. माझं लग्न ठरल्याचा पेढा मी दुसऱ्याचा समजून खाल्ला, वर आणखी एक मागितला. घरी मी सांगून टाकलंय की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. सोमवारी तर मुळीच नाही.

तुमचा वेळ गेला, तरी एक विनंती करतो. लायब्ररीत काय काय चुकलंय ते सांगाल का? इथे मला चूक दाखवणारं कुणी नाही. सगळे वा वा म्हणतात.

आपला,
वीरेश


नांदेड, ११ ऑगस्ट

श्री. वीरेश यांस,
स. न.

चुकांची यादी सोबतच्या चार पानांवर आहे. पाचवं पान शाई संपल्यामुळे राहिलं.

पहिली चूक: बाजाराचा दिवस आणि पंचांगातला दिवस तुम्ही एकच धरलाय. ते वेगळे करा. दुसरी: तुमच्या वडिलांना कोडमधून बाहेर काढा. बाकी वाचालच.

आतलं एक काम मात्र चांगलं आहे. अमावास्या तुम्ही दरवर्षी हातानं भरत नाही, गणितानं काढता. ते मला जमलं नसतं.

अंबिका


नांदेड, ११ ऑगस्ट

मामा,

उत्तर पाठवू नका म्हटलं होतं, ते तुम्ही पाळलंत. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यामुळे काळजी वाटून मीच लिहितेय.

राग अजून आहे. पण चूक माझीही आहे. मी आकड्याच्या मागे लागले आणि पोरांना विचारलंच नाही. आकडा भज्यांनीही वाढतो, हे मला कळायला हवं होतं.

आता तुमची शिक्षा ऐका. जिथे जिथे भजी वाटलीत, त्या प्रत्येक क्लासमध्ये परत जा. एकेका पोराला विचारा, की बाबा, कोड लिहिताना तू कुठे अडलास? त्याच्या शब्दांत कागदावर लिहून घ्या. त्याला सुचवू नका, सुधारू नका, शब्द देऊ नका. भजी नाही. चहासुद्धा नाही. आम्ही नांदेड बघतो, तुम्ही तुमच्याकडचं बघा. पोरं अडतात तिथे जी लायब्ररी कामाला येईल, ती यादीत घ्यायची. मॅडमना हेच सांगणार आहे.

अंबिका


लातूर, २३ ऑगस्ट

चि. अंबिकेस आशीर्वाद.

एसटीच्या पार्सलनं एक पोतं पाठवलंय. आमच्या दुकानातलं नवं बारदान आहे, आत चिठ्ठ्या आहेत. सोडवून घे.

भजी नाहीत म्हटल्यावर जळकोटची पोरं नाराज झाली, पण बोलती झाली. एक पोरगी म्हणाली, "मामा, मला चुकलेलं कळतंय, पन काय इचारायचं त्येच कळंना." मला एकदम तुझं पहिलं पत्र आठवलं, ते रडण्याचं. चंद्रप्पानं ते वाचलं तेव्हा मी फक्त यादीचंच ऐकलं होतं बघ. त्या पोरीच्या बाकावर बसलो आणि तिचं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवलं.

चुकलं माझं, अंबिके. मला वाटलं भाचीचं भलं करून राहिलो. भलं करताना तुला विचारायचं राहूनच गेलं.

चंद्रप्पाला गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं, की शब्द परत घेतला, तो माझा नव्हताच द्यायचा. तो आठ दिवस बोलला नाही. मग सोमवारी दुकान बंद असताना आला आणि म्हणाला, "पोरगं मला कोडातून काढून ऱ्हायलंय. बापाला काढून ऱ्हायलंय बघ!" त्याला उपवासाचा चिवडा दिला.

सिद्धराम


नांदेड, ४ सप्टेंबर

ती. मामांस, सा. न.

'उकल' नांदेडला राहिली!

मॅडम काल आल्या होत्या. आम्ही पोतं तसंच टेबलावर ठेवलं. त्यांनी हात घालून चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक प्रश्न 'उकल'ला विचारत गेल्या. कुठे जमलं, कुठे नाही जमलं. जमलं नाही ते आम्ही लपवलं नाही. जळकोटच्या त्या मुलीची चिठ्ठी निघाली तेव्हा मॅडमनी ती पोत्यात परत न टाकता बाजूला ठेवली. म्हणाल्या, "ही यादी नांदेडलाच व्हायला हवी." मी बाहेर जाऊन रडले आणि तोंड धुऊन आत आले.

यादी जवळजवळ निम्मी बदलली. चिठ्ठ्यांमध्ये बरीच पोरं बापाच्या दुकानासाठी, शेतमालासाठी काहीतरी लिहू बघतायत. बाजार कधी उघडा असतो हे त्यांना हवंच असतं. तेवढ्या कामाला 'बाजारदिवस'सारखं दुसरं काही नाही. ती दुरुस्त करून घेतलीय. पन्नासावी, सगळ्यात शेवटची. आता तिच्यात सोमवार आहे.

थोड्या चुका उरल्यात. त्या पत्रातून निस्तरत नाहीत, म्हणून येत्या रविवारी वीरेश नांदेडला येणार आहेत. समोर बसून काढून टाकू. एवढंच काम आहे.

हे पत्र दुकानात वाचू नका.

तुमची,
अंबिका


लातूर, ९ सप्टेंबर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. अंबिकेस अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचलं नाही. नवा चष्मा लावून घरी, दार लावून, मनातल्या मनात वाचलं. दोनदा तोंड उघडलं, ते हातानं दाबलं.

तरी गल्लीला वास लागलाच. काल रविवारी वीरेश इस्त्रीचा शर्ट घालून एसटीत बसला, आणि बाजाराला सुट्टी म्हणून चौघं जण सोबत निघाले होते. त्यांना मी स्टँडवरून परत आणलं.

तो रात्रीच्या गाडीनं आला. आज सकाळी चंद्रप्पा माझ्या थप्पीवर येऊन बसला. सोमवार असून बसला. सगळी गल्ली कान टवकारून होती. म्हणाला, "सिद्धराम, चुका संपल्या न्हाईत म्हनं. पुढल्या रविवारी परत जायचंय म्हनतो. तुज्या भाचीच्या मनात काय हाय?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पोरी. शब्द पार दातांपर्यंत आला होता. गिळला.

म्हणालो, "मला ठाऊक न्हाई. तिला इचारल्याबिगर मी काय बी सांगणार न्हाई."

गल्लीला खरं वाटेना. चंद्रप्पानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

'उकल' राहिली त्याचे पेढे आज वाटले, चौकापर्यंत. थोडे डब्यात शिल्लक ठेवलेत. ते कशाचे, ते तू सांगशील तेव्हा. काही सांगितलं नाहीस तर मी आणि चंद्रप्पा पुढल्या मंगळवारी खाऊन टाकू.

तुझा मामा
सिद्धराम